नदीच्या वाळूची पावती

बांधकामावर वाळूचा हायवा रिकामा होतो, तेव्हा चालकाकडे एक पास असायला हवा. कोणत्या घाटावरून वाळू भरली, गाडीचा नंबर काय, गाडी किती वाजता निघाली, कुठे पोचायची आणि आत किती ब्रास माल आहे, हे सारे त्यावर असते. पूर्वी ही छापील पावतीपुस्तके तहसील कार्यालयातून मिळत. आता ‘महाखनिज’ या सरकारी संगणक प्रणालीतून पास निघतो. घाटावर, नाक्यावर, ट्रॅक्टरवाल्यांच्या बोलण्यात त्याचे नाव एकच, ‘रॉयल्टी’. “रॉयल्टी हाये का?” एवढे विचारले की पुढचे सगळे समजते.

कायद्याच्या मराठीत तिला स्वामित्वधन म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. वस्तू ज्याच्या मालकीची, त्याला ती उचलून नेण्याबद्दल द्यायचे धन. नदीच्या पात्रातल्या वाळूचा मालक कोण, हा प्रश्न गावात विचारला तर बहुतेक जण ‘सरकार’ म्हणतील, काही जण ‘नदीच’ म्हणतील. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 यातले कलम 20 नद्या, ओढे, नाले, तलाव आणि भरतीरेषेखालचा खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा ठरवते. कलम 48 आणखी पुढे जाते आणि जमीन कोणाचीही असो, तिच्यातल्या खनिजांवरचा हक्क शासनाकडे राखून ठेवते. म्हणून पुराने शेतात हातभर वाळू आणून टाकली तरी शेतकऱ्याला ती परवानगीवाचून विकता येत नाही. पिकाचे नुकसान त्याचे आणि वर पडलेली वाळू सरकारची, हे ऐकायला कठोर वाटते. पण तो दरवाजा उघडा ठेवला असता तर ‘पुराची वाळू’ बाराही महिने निघत राहिली असती.

आता दराकडे येऊ. ब्रास म्हणजे 100 घनफूट, घनमीटरमध्ये 2.83. वजनात एक ब्रास वाळू साधारण साडेचार टन भरते. महाराष्ट्रात गौण खनिजांचे स्वामित्वधन 2015 मध्ये ब्रासला 400 रुपये झाले आणि जुलै 2021 पासून 600. म्हणजे घनफुटाला सहा रुपये. एका घनफुटात सुमारे 45 किलो वाळू मावते, तेव्हा किलोला तेरा पैसे. लिलावात बोली लावून घाट घेणाऱ्याला याहून पुष्कळ जास्त मोजावे लागतात आणि ग्राहकापर्यंत पोचेतो ब्रासचा भाव काही हजारांत जातो. तरी स्वामी म्हणून आपला मूळ हक्क किलोला तेरा पैसे आहे, हे एकदा मनात मांडून पाहावे.

‘गौण’ हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. 1957 च्या खाण आणि खनिजे कायद्याने बांधकामाचा दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू यांना गौण खनिजे म्हटले आणि कलम 15 अन्वये त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. म्हणून राज्य बदलले की वाळूचा दर बदलतो, पद्धत बदलते. दर्जाने गौण ठरलेली ही वस्तू वापराने मात्र अफाट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जग वर्षाला सुमारे 50 अब्ज टन वाळू आणि खडी वापरते. माणूस पाण्याच्या खालोखाल सर्वाधिक वापरतो तो हाच पदार्थ. वाळवंटातली वाळू यात सहसा चालत नाही. वाऱ्याने घासून तिचे कण गुळगुळीत झालेले असतात आणि सिमेंटला धरायला कोपरे लागतात. कोपरे असलेली वाळू नदी तयार करते.

स्वामित्वधन हा कर आहे की किंमत, यावर देशात पस्तीस वर्षे वाद चालला. गोष्ट कोर्टातली आहे, पण एखाद्या कथेसारखी सांगण्याजोगी. 1989 मध्ये इंडिया सिमेंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्वामित्वधन हा कर आहे असे म्हटले. 2004 मध्ये केसोराम खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते वाक्य पुन्हा वाचले आणि त्यांना तिथे टंकलेखनाची चूक दिसली. त्यांच्या मते मूळ म्हणणे ‘स्वामित्वधनावरील उपकर हा कर आहे’ असे होते, त्यातला ‘उपकर’ गळाला होता. एक शब्द गळाल्याने राज्यांच्या तिजोऱ्यांचा प्रश्न अडकला! पाचांनी सातांचे वाक्य दुरुस्त करावे का, हा नवा पेच त्यातून उभा राहिला आणि 2011 मध्ये प्रकरण नऊ न्यायमूर्तींकडे गेले. 25 जुलै 2024 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला: स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिज काढण्याचा हक्क मिळाल्याबद्दल भाडेपट्टेदाराने मालकाला द्यायचा तो मोबदला आहे. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत वेगळे पडले. खटला मोठ्या खनिजांवरून उभा राहिला होता, पण स्वामित्वधन म्हणजे काय याचे जे उत्तर मिळाले, ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या वाळूलाही लागू पडते.

मला या निकालातली मालक ही कल्पना मोलाची वाटते. करदात्याने कर भरला की हिशेब संपतो. मालकाला मात्र आपली वस्तू किती होती, किती गेली आणि किती उरली, हे माहीत असावे लागते.

किती होती, हा प्रश्न आपल्याकडे अधिकच नाजूक आहे, कारण महाराष्ट्राचा बराचसा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकावर, म्हणजे काळ्या बेसॉल्टवर वसला आहे. बेसॉल्ट झिजला की त्याची मुख्यतः चिकण काळी माती होते. ती कापसाला उत्तम, वाळूला कंजूष. पैठणच्या आसपास गोदावरीची मूठभर वाळू तळहातावर पसरून उन्हात धरावी. काळसर करडे कण जास्त दिसतील आणि मध्ये मध्ये पांढुरके, अर्धपारदर्शक, मधाच्या रंगाचे तुकडे चमकतील. लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्यांचा तो चुरा. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात खडक बदलतो, ग्रॅनाइटच्या जातीचा होतो, आणि तिथली वाळू क्वार्ट्झने उजळ दिसते. देशावर वाळू म्हणतात, विदर्भात आणि कोकणात रेती. शब्दांची ही वाटणी मात्र खडकांच्या सीमेवरून झालेली नाही. गवंड्याला यातले काही सांगावे लागत नाही. तो मूठभर माल दोन्ही तळव्यांत चोळतो, हात झटकतो आणि तळव्यांकडे पाहतो. तळवे मळले तर मातीचा अंश जास्त, ट्रक परत.

खाडीतली रेती काढण्याची हातपाटीची पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांना ती खरी वाटणार नाही. ठाणे, वसई, वैतरणा या खाड्यांत ओहोटी-भरतीच्या वेळा सांभाळून होड्या निघतात. ठरलेल्या जागी होडी उभी करून लांब बांबू तळात रोवतात. एक माणूस छाती भरून श्वास घेतो आणि त्या बांबूच्या आधाराने खाली उतरतो. याला डुबी मारणे म्हणतात. पाणी गढूळ असते, खाली काही दिसत नाही, काही ठिकाणी खोली तीस-चाळीस फूट. तो चाचपडत बादली तळाच्या रेतीत खुपसतो, भरतो, दोराला हिसका देतो. वरचे गडी दोर ओढतात. बादली होडीत रिकामी होईपर्यंत तो वर आलेला असतो, चार श्वास घेतो आणि पुन्हा खाली. पाणी होडीच्या काठाशी टेकेल एवढी ती खाली बसेपर्यंत हेच. कानांची आणि छातीची दुखणी या माणसांच्या घरोघरी. मुंब्रा, कल्याण इथल्या ‘रेतीबंदर’ या नावांत या होड्यांचा धंदा आजही दिसतो. राज्याच्या वाळू धोरणांनी हातपाटीच्या या पारंपरिक व्यावसायिकांसाठी यांत्रिक उपशाच्या लिलावापासून वेगळी सोय ठेवली, आणि ते योग्यच होते. एका छातीत मावेल तेवढ्या श्वासावर जी रेती निघते, तिला मर्यादा आपोआप पडते. सक्शन पंपाला श्वास घ्यावा लागत नाही.

पंप आणि पोकलेन आले तेव्हा मोजमापाचा पायाच हलला. कागदावर घाट ठरावीक लांबी-रुंदीचा आणि ठरावीक ब्रासचा असतो. लिलावापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसे थराची जाडी पाहतात, पर्यावरण मंजुरी लागते, ग्रामसभेपुढे विषय येतो. 27 फेब्रुवारी 2012 च्या दीपक कुमार खटल्याच्या निकालाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. त्याआधी मोठ्या घाटाचे तुकडे पाडून ती टाळता येत असे. खोली तीन मीटरच्या आत, पावसाळ्यात उपसा बंद, पुलापासून आणि पाणीयोजनेच्या विहिरीपासून अंतर, हे सगळे लिहिलेले आहे. पण एका पासवर एकच खेप जायला हवी तिथे दोन-तीन गेल्या, की कागदावरचा घाट भरलेला राहतो आणि नदीतला रिकामा होतो. म्हणून गाड्यांना जीपीएस आले. विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आला. रात्री पात्रात उतरणाऱ्या तलाठ्यांवर आणि तहसीलदारांवर गाडी घालण्याचे प्रकार या राज्यात घडले आहेत. किलोला तेरा पैशांच्या मालासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला, याची पुरेशी कदर होत नाही.

धोरणेही स्थिर राहिली नाहीत. एप्रिल 2023 मध्ये लिलाव बंद करून सरकारी डेपोतून ग्राहकाला 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरले आणि 1 मे रोजी श्रीरामपूर तालुक्यात नायगावला पहिला डेपो सुरू झाला. एप्रिल 2025 च्या नव्या धोरणाने डेपो गुंडाळले, लिलाव परत आणला आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत ठेवली. माफीची परंपरा जुनी आहे. वंशपरंपरेने मडकी घडवणाऱ्या कुंभाराला 500 ब्रासपर्यंत मातीवर स्वामित्वधन नाही. 2017 पासून धरणातला गाळ शेतात नेणाऱ्या शेतकऱ्यालाही ते माफ आहे.

पासवर एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात नदी कोरडी पडते, तेव्हा बायका पात्रात जाऊन हाताने वाळू उकरतात. गुडघाभर खड्डा झाला की बाजूंनी पाणी पाझरू लागते. याला झिरा म्हणतात. वाटीने हलकेच भरत भरत घागर भरायची. पाणी स्वच्छ, गार, वाळूने गाळलेले. एक ब्रास वाळूच्या कणांमधल्या पोकळीत सुमारे हजार लिटर पाणी मावते. ती वाळू उचलली की पावसाळ्याचे पाणी धरून ठेवणारी जागाच जाते. खाली उघडा खडक राहतो आणि काठच्या विहिरी आधी आटतात. 600 रुपयांत वाळू जाते तेव्हा हे भांडेही जाते, आणि त्याची किंमत कुठल्याच रकान्यात नाही. माझ्या मते स्वामित्वधनाच्या हिशेबातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

ते भांडे पुन्हा भरायला वरून वाळू यावी लागते आणि वर धरणे आहेत. जायकवाडी 1976 मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून वरच्या गोदावरीची जड वाळू जलाशयाच्या तोंडाशीच बसते आणि पैठणच्या खाली उपनद्या आणतील तेवढीच येते. दुसरीकडे दगडखाणींत यंत्रे तोच बेसॉल्ट फोडून कृत्रिम वाळू बनवत आहेत. नदीला ज्या कामाला युगे लागली ते क्रशर काही मिनिटांत उरकतो. मे 2025 च्या धोरणाने पात्र प्रकल्पांना त्यासाठी ब्रासला 600 ऐवजी 200 रुपयेच स्वामित्वधन ठेवले आहे. नदीवरचा भार हलका करण्याची ही वाट मला खरी वाटते.

केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक काम सांगितले आहे. पावसाळ्याआधी पात्राची पातळी मोजायची, पूर ओसरल्यावर त्याच जागी पुन्हा मोजायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे नदीने त्या वर्षी आणून टाकलेली वाळू, आणि पुढच्या लिलावाची मर्यादा त्यावरून ठरवायची. ऑक्टोबरमध्ये पाणी उतरले की मोजणीची माणसे काठावर खुणेचा दगड शोधतात, यंत्राची तिपाई उभी करतात आणि एक जण पट्टी धरून ओल्या पात्रात चालत जातो.