नोकरी, धंदा आणि चालू अभ्यास

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचें लक्ष पुस्तकांतून उडतें, तें बहुधा आळसामुळें नव्हे. पुढें नोकरी करावयाची कीं स्वतंत्र धंदा, हें ठरलेलें नसतें. आणि तें ठरल्यावांचून अभ्यास तरी कशासाठीं, असें त्याला वाटूं लागतें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्यें चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले, परंतु कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळेना. रंगकाम सुटलें, शिक्षण मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. ते यांत्रिक रेखनाकडे वळले. त्याच विद्येवर त्यांस व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची जागा मिळाली. नोकरींत असतांनाच ते मुंबईहून बेळगांवीं सायकली धाडीत व बंधु रामूअण्णा त्या विकीत. धंद्याची पहिली परीक्षा अशी पगाराच्या आश्रयानें झाली! पुढें बढती डावलली गेली, तेव्हां राजीनामा देणें त्यांस म्हणूनच जड गेलें नसावें.

कडबा कापण्याचीं यंत्रें खपलीं. लोखंडी नांगर मात्र खपेना. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! तिच्याशीं झगडण्यांत बराच काळ गेला. १९१० मध्यें कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसूं लागली, तेव्हां ते चाळिशी ओलांडून गेले होते.