सिकलसेल, यीस्ट आणि डीएनएचा ‘प्रूफरीडर’: एका अक्षराच्या चुकीची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द नवा नाही. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी होतं, हातपाय असह्य दुखतात. कारण काय? हिमोग्लोबिनच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ आला. फक्त एक अक्षर.

आपली पेशी दुभंगण्याआधी डीएनएच्या सुमारे ६०० कोटी अक्षरांची नक्कल करते. मग अशा चुका रोज का होत नाहीत? खरं तर होतात, पण बहुतेक लगेच पकडल्या जातात. कशा, हे समजायला पाव फुगवणाऱ्या यीस्टची मोठी मदत झाली.

१९७०च्या सुमारास अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी यीस्टचे काही खास वाण शोधले. तापमान वाढवलं की त्यांची विभागणी मध्येच अडकायची. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. त्यात सापडलेल्या एका बिघडलेल्या जनुकाला आज ‘पोल-३’ म्हणतात.

पोल-३चं प्रथिन डीएनएची नक्कल उतरवतं. लाखात एखादं अक्षर चुकतं. चुकीचं अक्षर समोरच्या अक्षराशी नीट जुळत नाही, म्हणून प्रथिन थबकतं, एक पाऊल मागे येतं, ते अक्षर छाटतं आणि बरोबर अक्षर बसवतं. संशोधकांनी प्रथिनाचा फक्त हा छाटणारा भाग निकामी केला. यीस्ट जगलं, वाढलं, पण त्याच्या डीएनएतल्या चुका कित्येक पटींनी वाढल्या.

माणसातही हेच प्रथिन थोड्या फरकाने आहे. त्याच्या छाटणाऱ्या भागातला दोष काही कुटुंबांत आतड्याच्या कर्करोगाला कारण ठरतो, असं २०१३ मध्ये समोर आलं.

सिकलसेलची चूक मात्र हजारो वर्षांपूर्वी कुणा पूर्वजात निसटली. एक प्रत सदोष असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळायचं, म्हणून ती टिकली. गंमत म्हणजे (रुग्णासाठी अजिबात गंमत नाही) चूक एकदा पक्की झाली की प्रूफरीडरला तीच मूळ प्रत वाटते. पुढे तो ती इमानेइतबारे उतरवत राहतो.

वाहक व्यक्तीला सहसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी रक्ताची तपासणी करायला सांगतात ती यासाठी. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली, तर व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या चाचणीतून कळतं.