आमच्या मुली आणि संगणकविद्या

गेल्या ज्येष्ठांत एक गृहस्थ कन्येची जन्मपत्रिका घेऊन आमच्याकडे आले. आम्ही ज्योतिषी नव्हे. परंतु थोडेंसें संस्कृत येणाऱ्या निवृत्त मास्तराकडे मालवणांत असलीं कामें चालून येतातच. गृहस्थांनीं पिशवींतून पत्रिका काढली, तों तिच्याबरोबर दुसराहि एक कागद बाहेर आला. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचें तें नेमणुकीचें पत्र होतें. मुलीनें आधीं कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनांतून पदविका घेतली होती, मग पदवी. आतां प्रश्न असा कीं, तिला पुण्यास धाडावें, कीं आधीं लग्न उरकून घ्यावें?

आम्हांस चटकन् उत्तर देववेना. पस्तीस वर्षांपूर्वीं असाच प्रश्न घेऊन दुसरे एक पिते आले होते. त्यांची मुलगी गणितांत साऱ्या वर्गाच्या पुढें. "मुलीला शास्त्रशाखा कशाला? घराजवळ मिळेल तें शिकूं द्या," असें आम्हीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, आणि मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनीं तो मानला. ती आज आंगणेवाडीच्या जत्रेंत भेटली म्हणजे वाकून नमस्कार करते, आणि आम्हांस तिच्या डोळ्याला डोळा देववत नाहीं.

त्या काळीं वाट नव्हती, असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. आपल्या कोंकणांतल्याच धोंडो केशव कर्व्यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें १९९१ सालीं पुण्यास केवळ मुलींसाठीं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें. त्याहिपूर्वीं, १९७४ सालीं, टेल्कोच्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नये अशी अट छापलेली पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढील सुधा मूर्ती, यांनीं एका पोस्टकार्डावर थेट जे. आर. डी. टाटांस जाब विचारला होता. त्यांस मुलाखतीचें बोलावणें आलें, आणि त्या कारखान्यांत त्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या.

अलीकडचें उदाहरण पुण्याच्या नेहा नारखेडे यांचें. पुणें विद्यापीठाची पदवी घेऊन त्या अमेरिकेंत जॉर्जिया टेक येथें शिकल्या. लिंक्डइन कंपनींत असतां जे क्रेप्स व जून राव या सहकाऱ्यांसह त्यांनीं 'काफ्का' ही प्रणाली रचली. २०११ सालीं ती सर्वांस खुली झाली. क्षणोक्षणीं येणारी अफाट माहिती आल्या क्रमानें टिपून ठेवावी, आणि ज्या विभागास हवी त्यानें आपल्या सोयीनें ती वाचावी, असें तिचें काम. वाचकांनीं जुन्या पेढीवरील रोजकीर्द आठवावी : नवी नोंद नेहमीं शेवटीं, मागची बदलावयाची नाहीं, आणि खतावणी करणारा आपण कोठवर आलों याची खूण आपणच ठेवतो. २०१४ सालीं तिघांनीं कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. २०२१ च्या जूनांत तिचे भाग नॅस्डॅक बाजारांत आले. पुढें श्रीमती नारखेडे यांनीं ऑसिलर ही दुसरी कंपनी काढली, ती पतीसह.

हें 'पतीसह' आम्हांस महत्त्वाचें वाटतें. आमच्या पाहण्यांतल्या मुली नोकरी लागेपर्यंत कोठें अडत नाहींत. अडतात त्या पहिल्या बाळंतपणाशीं. २०१७ च्या दुरुस्तीनें प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठीं बारा आठवड्यांवरून २६ वर नेली, आणि पन्नास किंवा अधिक माणसें असतील तेथें पाळणाघराचें बंधन घातलें. चांगलेंच झालें. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यांत मूल तापलें तर रजा कोणीं काढावयाची, हें कायदा सांगत नाहीं. तेथें मालवणच्या आजीनें पुण्यास जाऊन राहावें असें सारे गृहीत धरतात. मुलाच्या बापाचें नांव कोणाच्या तोंडीं येत नाहीं. दोष त्याचाच कसा म्हणावा? कुकरला भात लावावयास आम्ही स्वतः शिकलों तें निवृत्तीनंतर!

पत्रिका न उलगडतां आम्हीं परत केली आणि विचारलें, "मुलीला विचारलेंत?" गृहस्थ गप्प राहिले. मुलगी बाहेर बेड्याशीं स्कूटरजवळ उभी होती. तिला आंत बोलाविलें, बसविलें, तोच प्रश्न केला.

ती म्हणाली, "गुरुजी, एक तारखेला हजर व्हायचंय. पुण्याच्या गाडीचं तिकीट मी कालच काढलंय."