महागाई व मंदी एकाच घरीं



महागाई म्हणजे काय आणि मंदी म्हणजे काय, हें आपणां सर्वांस अनुभवानें ठाऊक आहे. सामान्यतः या दोघी सवती एका घरांत नांदत नाहींत. व्यापार तेजींत असला कीं भाव चढतात. मंदी आली कीं गिऱ्हाईक आटतें व भाव उतरतात. परंतु क्वचित् दोघी बरोबरच येतात. कारखाने थंड, नोकऱ्या दुर्मिळ, आणि भाव मात्र चढतेच. या अवस्थेस १९६५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत इयन मॅक्लिऑड यांनीं ‘स्टॅगफ्लेशन’ हा शब्द योजला. आपण तिला मंदींतली महागाई म्हणूं.

असें कां व्हावें? भाव दोन वाटांनीं चढतात. लोकांच्या हातीं पैसा फार झाला, ही एक वाट. मालच तुटला किंवा तो तयार करण्याचा खर्च वाढला, ही दुसरी. दुसऱ्या वाटेनें आलेली महागाई भावहि वाढविते आणि धंदाहि बसविते. मग सरकारची मोठी पंचाईत होते. खर्च आवरून व्याज चढवावें, तर बेकारी वाढते. पैसा मोकळा सोडावा, तर भाव अधिकच भडकतात.

आपल्या देशानें १९७२ ते १९७५ या काळांत हें सोसलें. १९७१ सालीं सुमारें एक कोटी निर्वासितांचा भार पडला, पाठोपाठ युद्ध झालें. १९७२ सालीं पाऊस रुसला व महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ पडला. ऑक्टोबर १९७३ मध्यें पश्चिम आशियांत युद्ध पेटलें आणि पिंपास सुमारें ३ डॉलर पडणारें खनिज तेल १९७४ च्या आरंभीं ११ डॉलरांवर गेलें. घाऊक भाव १९७३-७४ सालीं सुमारें २० टक्क्यांनीं व पुढल्या सालीं सुमारें २५ टक्क्यांनीं चढले. राष्ट्रीय उत्पन्न मात्र १९७४-७५ सालीं जेमतेम एका टक्क्यानें वाढलें. लोकसंख्या त्याच्या दुपटीनें वाढत होती.

मी तेव्हां शाळकरी मुलगा होतों. वडिलांचा महागाईभत्ता वाढला कीं आम्हां मुलांस आनंद होई. आईस होत नसे. भत्ता घरीं येण्याआधींच भाव पुढें निघून गेलेले असत. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी खाऊन आम्हीं ते दिवस काढले.

राजकारण पेटलें तें अशा स्वयंपाकघरांतूनच. मुंबईंत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखालीं स्त्रिया लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. डिसेंबर १९७३ मध्यें अहमदाबादेस विद्यार्थ्यांची चळवळ सुरू झाली, ती खाणावळीचे दर वाढल्यावरून. फेब्रुवारींत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांस राजीनामा द्यावा लागला. बिहारांत जयप्रकाश नारायण पुढें आले. मे १९७४ मध्यें रेल्वे कामगारांनीं सुमारें वीस दिवस संप केला.

जुलैंत सरकारनें कडू औषध पाजलें. बँकदर ७ वरून ९ टक्के केला. पगारांतील वाढ आणि वाढीव महागाईभत्त्याचा अर्धा भाग सक्तीची ठेव म्हणून अडकवून ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस घाऊक भाव उतरूं लागले.

तरीहि २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी आली. तिचें निकटचें निमित्त न्यायालयाचा निकाल हें होतें. पण असंतोषाचें सरपण दोन-तीन वर्षें सांचत होतें. त्या वर्षीं पाऊस चांगला झाला, भाव आणखी खालीं आले, आणि पुष्कळ सुबुद्ध माणसांनीं त्याचें श्रेय आणीबाणीस दिलें. वास्तविक उतार आधींच लागला होता.

मला हाच खरा धोका वाटतो. मंदींतली महागाई माणसाची पुंजी खाते, त्याची नोकरी खाते, आणि अखेर त्याचा धीरहि खाते. धीर सुटलेला माणूस स्वस्त धान्याच्या मोबदल्यांत आपलें स्वातंत्र्य तोलून देण्यास तयार होतो. म्हणून भाव चढले असतां कारण कोणतें व उपाय कोणता, हें शांतपणें विचारण्याची संवय प्रत्येक घरानें लावून घ्यावी. धान्याचा भाव पुन्हां उतरतो. गमावलेला हक्क परत मिळविण्यास फार किंमत पडते.