आधी ऐकलेला, मग छापलेला निबंध

मंडळी, न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. जिंकण्यासाठी बोलणं म्हणजे जल्प, समोरच्याचं नुसतं खोडून काढणं म्हणजे वितंडा, आणि दोघांनी मिळून खरं काय ते शोधणं म्हणजे वाद. आज आपण एकोणिसाव्या शतकातलं वादाचं एक उदाहरण पाहू. ते मुंबईचं आहे, पण आपला खोपोलीचा घाट त्यात येणारच आहे.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. प्रा. पॅटन यांचा पुढाकार होता. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही तरुण मंडळी तिच्यात होती. रीत साधी. सभासदानं निबंध लिहून आणायचा, सर्वांपुढे वाचायचा, मग त्यावर चर्चा. मुख्य सभेचं काम इंग्रजीत चाले. पण तिला लवकरच गुजराती आणि मराठी शाखा फुटल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागलं, ते १८६७ पर्यंत चाललं.

आता यात विशेष काय? विशेष ऐकण्यात आहे. वाचकाला अडलं तर तो पान मागे उलटतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. संस्कृत समासांची लांबलचक आगगाडी सोडली की समोरचा माणूस जांभई देतो, आणि ती जांभई लेखकाला दिसते. (आम्ही वर्गात ती पुष्कळ पाहिली आहे.) शास्त्र, इतिहास, व्यवहार हे विषय मराठी गद्यात नीट मांडायची सवय तेव्हा नुकती लागत होती. आमचं मत असं की, त्या गद्याला वळण लावण्यात छापखान्याइतकाच या बैठकांचा वाटा आहे.

गोविंद नारायण माडगावकर पाहा. गोव्याचा माणूस, मुंबईत शिक्षक. स्वच्छतेवरचा ‘शुचिर्भूतपणा’ हा निबंध त्यांनी १८४९ साली या सभेत वाचला आणि तो छापला. १८५८ मध्ये ‘लोहमार्गांचे चमत्कार’ लिहिलं, १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’. हातात निबंध घेऊन माणसांपुढे उभा राहिलेला लेखक विषय किती उलगडून सांगतो, ते या पुस्तकांत दिसतं.

लोहमार्गाचं नाव निघालं, तर आपल्या भागाकडे येऊ. १८५६ साली मुंबईहून गाडी कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत पायी, पालखीतून नाहीतर तट्टावर बसून चढावा लागे. मुंबईच्या मंडळीचं लेखन पुण्याला जायचं तर ते याच वाटेनं. गाडी सुरू झाली, अंतर तुटलं. पण सगळंच अंतर घाटाचं नसतं.

कारण घाटाच्या वर, पुण्यात, जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. गरोदर बाईला भविष्याच्या नावानं लुबाडणारा जोशी आणि शिक्षणाकडे वळणारं कुणबी जोडपं, हा त्याचा विषय. कमिटीनं ते नाकारलं. यात मुंबईच्या सभेचा दोष नव्हे. उलट १८४९ मध्ये तिच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्यांत स्वतः विनावेतन शिकवलं. फुल्यांनी तेच काम पुण्यात वर्षभर आधी आरंभलं होतं. विचार जवळचे होते. पण माडगावकरांच्या निबंधाला ऐकणारी बैठक मिळाली, आणि फुल्यांच्या नाटकाला मिळाली ती कमिटी. वादाला निदान दोघे तरी समोरासमोर बसावे लागतात. इथे एकाचं बोलणं ऐकण्याआधीच निकाल लागला.

‘गुलामगिरी’त, १८७३ साली, फुल्यांनी या नाकारण्याची हकीकत स्वतः लिहिली आहे. नाटक मात्र छापून आलं १९७९ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी.