हवेतील विषारी धातूंचा हिरवा साक्षीदार

पावसाळा लागला की घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंत जुन्या भिंती, दगडी कठडे आणि झाडांची खोडे हिरव्या मखमलीने झाकून जातात. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. त्यातील बारीक पानांची, गादीसारखी वाढणारी वनस्पती म्हणजे मॉस. पाय घसरतो म्हणून आपण ते खरवडून टाकतो; परंतु आपल्या हवेत काय मिसळले आहे याची नोंद ते ठेवत असते.

मॉसला खरी मुळे नसतात आणि पानांवर मेणाचे जाड आवरणही नसते. पाऊस, दव आणि धूळ यांतून मिळेल ते ते थेट पानांनी शोषते. कारखान्यांच्या धुरातून किंवा रस्त्यावरील धुळीतून येणारे शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू त्यात साठत जातात. यंत्र त्या त्या वेळची हवा मोजते. मॉस अनेक महिन्यांचा हिशेब सांगते.

ही पद्धत स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. १९९०पासून युरोपातील अनेक देशांत दर पाच वर्षांनी मॉसची तपासणी होते. पेट्रोलमधील शिसे बंद झाल्यावर तेथील मॉसमधील शिसेही निम्म्याहून अधिक घटले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

भारतातील ठळक उदाहरण कोडाईकनालचे. तेथील थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद पडला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी त्या परिसरातील मॉस आणि दगडफूल तपासले (मसाल्यात घालतो ते दगडफूलही याच कामाचे). कारखान्याजवळच्या नमुन्यांत पारा दूरच्या ठिकाणांपेक्षा बराच जास्त निघाला.

मात्र, घराच्या भिंतीवर मॉस हिरवेगार आहे म्हणजे हवा शुद्ध, असे समजू नये. धातू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. एकाच जातीचे मॉस कारखान्याजवळून, महामार्गालगत आणि दूरच्या डोंगरावरून घेऊन तुलना केली, तरच अर्थ लागतो. मावळातील महाविद्यालयांनी हे काम जरूर हाती घ्यावे.

शिवाय, मॉस परिसराची माहिती देते, तुमच्या शरीराची नाही. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्याचे सुरक्षित असे प्रमाण नाही. कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडांना, तर पारा मज्जासंस्थेला अपाय करतो. मुलाला वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय असेल आणि घरात कोणी बॅटरी, रंग किंवा धातू वितळवण्याचे काम करत असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा. रक्तातील शिसे तपासता येते.

घरी एवढे पाळा:

१. कामावरचे कपडे वेगळे धुवा.
२. जुन्या बॅटऱ्या घरी फोडू नका.
३. केर काढताना धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.
४. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवा.
५. आहारात पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी आणि दूध असू द्या. शरीरात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असल्यास शिसे कमी शोषले जाते.