हेन्रिएटाचा गणपती आणि मॉरिशसची मराठी

मॉरिशस बेटावर हेन्रिएटा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील भिवाजी कुटुंबाने १८९६ मध्ये गणपती बसविला आणि बेटावरील गणेशोत्सवाचा तोच प्रारंभ होय, असे तेथील मराठी समाजात परंपरेने मानले जाते. आज गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. उत्सव असा वाढला. ज्या भाषेत तो सुरू झाला ती मात्र घरांतून ओसरली.

१८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतीय लोक तेथील उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांपैकी मराठी भाषक मुंबई बंदरातून गेले आणि त्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील माणसे बरीच होती. याचा पुरावा नावांतही सापडतो. ‘भिवाजी’ हे आपल्याकडे व्यक्तिनाम, आडनाव नव्हे. मॉरिशसमध्ये पूर्वजाचे नावच पुढील पिढ्यांचे आडनाव बनले. त्यामुळे आदरार्थी ‘जी’ हा प्रत्यय तेथे नावात गोठून राहिला आहे. आदराचा अर्थ त्यातून केव्हाच निघून गेला. गणेशोत्सवातील ‘झाकरी’ म्हणजे कोकणची जाखडीच होय, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

मराठी कोणी बंद पाडली नाही. भोजपुरी भाषकांच्या तुलनेने मराठी माणसे थोडी होती. शेजाऱ्याशी, मुकादमाशी, दुकानदाराशी बोलायचे ते क्रिओलमध्ये किंवा भोजपुरीत. पुढे घरातही क्रिओल आली. मॉरिशसच्या जनगणनेत पूर्वजांची भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा असे दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले आहेत. पहिल्याला ‘मराठी’ असे उत्तर देणारे पुष्कळ, दुसऱ्याला देणारे फारच थोडे. भाषा आणि भाषिक अस्मिता या दोन वस्तू आहेत, हे याहून स्पष्ट क्वचितच दिसते.

अमेरिकेतील नॉर्वेजियन वसाहतींशी तुलना येथे उद्बोधक ठरते. त्यांच्या भाषेवरील आयनार हाउगेन यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९५३ चा. आयोवा राज्यातील डेकोरा या गावी नॉर्डिक उत्सव १९६७ मध्ये सुरू झाला आणि तेथूनच निघणारे ‘डेकोरा-पोस्टेन’ हे जुने नॉर्वेजियन वृत्तपत्र १९७२ मध्ये बंद पडले. म्हणजे भाषा मावळत असताना उत्सव उभा राहिला. हेन्रिएटात क्रम उलटा आहे: उत्सव सुरू झाला तेव्हा मराठी घरची बोली होती. म्हणूनच आरत्या, गाणी आणि पूजेतील शब्द यांना उत्सवात आसरा मिळाला. डेकोराच्या उत्सवाला आधी हरवलेले पुन्हा गोळा करावे लागले.

मॉरिशसमधील शाळांत आज मराठी शिकविली जाते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतही तिचे अध्यापन होते. परंतु ही मराठी प्रमाण आहे. आजीच्या तोंडची कोकणी वळणाची बोली ती नव्हे. मूल पाठ्यपुस्तकातून जे शब्द घेते ते झाकरीच्या गाण्यात नसतात, आणि गाण्यातले शब्द पुस्तकात नसतात. गाणी पाठ असलेली वृद्ध माणसे हयात आहेत तोवरच त्यांचे ध्वनिमुद्रण आणि रत्नागिरीच्या बोलींशी तुलना शक्य आहे. या कामासाठी रत्नागिरीकडील बोली कानावर पडलेल्या विद्यार्थ्याइतका योग्य अभ्यासक दुसरा मिळणे कठीण.